खाजणातला अस्सल कागद

वि. का. राजवाड्यांनी १८९८ साली ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ या मालेचा पहिला खंड छापला, तेव्हापासून मराठी इतिहासलेखनाला एक सवय जडली. ती म्हणजे बखरीपेक्षा अस्सल पत्रावर भिस्त ठेवण्याची. पत्र अस्सल आहे की नाही हे ठरवायचे प्रश्नही तेव्हाच रुळले. ते घटनेच्या काळातले आहे का, की मागाहून कोणी लिहिले? जागच्या जागी सापडले का, की कोणी आणून घुसडले? त्यातल्या मजकुराचा दुसरा अर्थ लागतो का? आणि ज्याला या पत्राची खबरही नव्हती अशा दुसऱ्या कागदाशी त्याचा ताळा जमतो का? खाजणात लोखंडी नळी खुपसून वर काढलेली गाळाची कांडी या चारही प्रश्नांना उभी राहते, म्हणून तिला इतिहासाचे साधन म्हटले पाहिजे, असे माझे म्हणणे आहे. भूशास्त्राची पुरवणी म्हणून तिला मागल्या पानावर ढकलणे हा तिच्यावर अन्याय आहे. याचा सर्वांत भक्कम पुरावा अमेरिकेच्या वायव्य किनाऱ्यावर मिळतो. तिथे अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात युरोपीय जहाजे येईपर्यंत एक ओळही लिहिली गेली नव्हती. तरीही २६ जानेवारी १७०० च्या रात्री नऊच्या सुमारास तिथे काय घडले ते आज सांगता येते.

नळी खुपसून थर वाचण्याच्या या कामाचा उगम विद्वत्तेत नाही, चुलीत आहे. उत्तर युरोपात दलदलीत साचलेला अर्धवट कुजलेल्या वनस्पतींचा थर, म्हणजे पीट, कापून वाळवून जाळत असत. थर किती खोल आहे हे कळल्याशिवाय जमिनीचे मोल ठरत नसे, म्हणून लोक त्यात लोखंडी सळ्या आणि गिरमिटे घालून बघत. स्वीडनच्या लेनार्ट फॉन पोस्ट यांनी १९१६ साली अशाच दलदलीच्या थरांतले परागकण मोजून जुन्या अरण्यांचा क्रम लावून दाखवला आणि जळणाची मोजणी करणारे हत्यार काळ मोजू लागले. खाऱ्या खाजणांकडे त्याही आधी लक्ष गेले होते. मॅसॅच्युसेट्समधल्या लिन गावाच्या खाजणात खाऱ्या गवताच्या पीटखाली कोरड्या जमिनीवरच्या झाडांचे बुंधे सापडतात, हे एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला बेंजामिन मज यांनी नोंदवले. ज्या अर्थी झाडे खाली आणि खारे गवत वर, त्या अर्थी समुद्र हळूहळू जमिनीवर चढला, हे त्यांचे अनुमान होते. पुढे शंभर वर्षांनी अल्फ्रेड रेडफिल्ड यांनी त्याच राज्यातल्या बार्नस्टेबलच्या खाजणात पीटचे रेडिओकार्बन वय काढून ही चढण किती संथ होती ते आकड्यांत मांडले. ही संथ चढण लक्षात ठेवायला हवी, कारण पुढचा सगळा वाद तिच्याभोवती फिरतो.

हत्यार अजूनही साधेच आहे. उभी कापलेली पन्हळ असावी तशी अर्धगोल पोलादी नळी घ्यायची, अंगाचा भार देऊन चिखलात दाबायची, अर्धा वेढा द्यायचा आणि पोटात धरलेला चिखल सांडू न देता वर ओढायचा. नळी आडवी ठेवून सुरीने कांडीचा पृष्ठभाग खरवडला की थर उघडे पडतात. मऊ पीटसाठी रशियन बनावटीचे एक हत्यार आहे. त्याला बिजागरीवर फिरणारे पाते असते. हव्या त्या खोलीवर ते फिरवले की कप्पा बंद होतो आणि नमुना न चेपता वर येतो. चेपणे हा या कामातला मोठा शत्रू. साधी नळी ठोकत गेले तर मऊ थर दबून आखूड होतात आणि खोलीची सगळी मापे चुकतात. चुरगळलेल्या पत्राच्या दोन ओळी एकमेकींवर चढाव्यात तसेच ते. ओली वाळू असेल तर ती नळीतून निसटून जाते, आणि नेमकी तीच हवी असते. म्हणून जाणता माणूस एका कांडीवर कधी विसंबत नाही. किनाऱ्यापासून आत जाणारी एक रेघ धरायची, तिच्यावर ठरावीक अंतराने नळी घालायची आणि एकच थर कुठवर जातो, कुठे जाड होतो, कुठे विरतो ते पाहायचे. ओहोटीला खाडीचे काठ उघडे पडतात तिथे फावड्याने काठ तासला तरी थर दिसतात. पण काठ फक्त काठाचे सांगतो, खाजणाच्या पोटातले सांगायला कांडीच लागते. नोंदवहीत खोली, रंग, कणांचा आकार यांबरोबर आणखी एक गोष्ट लिहायची असते. एक थर संपून दुसरा सुरू होतो ती सीमा धूसर आहे की सुरीने कापल्यासारखी? माझ्या मते या सगळ्या कामाचे मर्म त्या एका रकान्यात आहे.

आता मूळ खटल्याकडे. कॅनडातल्या व्हँकुव्हर बेटापासून उत्तर कॅलिफोर्नियापर्यंत सुमारे हजार किलोमीटर किनाऱ्यालगत समुद्रतळाचा एक भूपट्ट खंडाखाली सरकतो. या पट्ट्याला कॅस्केडिया म्हणतात. चिली, अलास्का, जपान इथे अशाच ठिकाणी महाभूकंप झाले आहेत. पण कॅस्केडियात, लोकांनी लिहायला सुरुवात केल्यापासून, तसा एकही झाला नव्हता. हे दोन भूपट्ट घर्षण न होता मुकाट्याने सरकत असावेत, असे बरेच तज्ज्ञ मानत. वॉशिंग्टन राज्यात अणुवीज प्रकल्पांची बांधणी चालू असल्यामुळे हा प्रश्न नुसता वादापुरता नव्हता. १९८४ साली टॉमस हीटन आणि हिरू कानामोरी यांनी महाभूकंप होणाऱ्या इतर किनाऱ्यांशी कॅस्केडियाचे साम्य दाखवून ही शांतता फसवी असू शकते असे लिहिले. ते साम्य म्हणजे शंका होती, साक्ष नव्हे. दोनशे वर्षांच्या लेखी शांततेला उत्तर द्यायचे तर दोनशे वर्षांपलीकडचा साक्षीदार हवा होता.

तो खाजणात उभा होता. असे भूपट्ट अडकून बसले की वरचा किनारा वर्षाला काही मिलिमीटर फुगत जातो, आणि अडकलेली जागा फाटली की तोच किनारा काही मिनिटांत एखाद-दोन मीटर खाली बसतो. २७ मार्च १९६४ च्या अलास्का भूकंपात पोर्टेज गावाच्या परिसराचे हेच झाले. गाव भरतीच्या टप्प्यात आले, झाडे खाऱ्या पाण्याने उभी वाळली आणि थोड्याच वर्षांत त्यांच्या बुंध्यांभोवती भरतीचा गाळ साचला. कॅस्केडियात असे कधी झाले असेल तर चिखलाखाली जुन्या हिरव्या जमिनीचा थर पुरलेला सापडायला हवा. अमेरिकेच्या भूशास्त्रीय सर्वेक्षणातले ब्रायन ॲटवॉटर १९८६ च्या मार्च महिन्यात वॉशिंग्टनच्या टोकाला, नीया बेजवळच्या वायॅच नदीच्या खोऱ्यात गेले. तिथे भरतीच्या गाळाखाली त्यांना खाजणी वनस्पतींचा पुरलेला थर मिळाला. त्यानंतर विलापा बे आणि आसपासच्या खाड्यांत तोच क्रम पुन्हा पुन्हा दिसला. खाली काळपट, मुळांनी भरलेली खाजणाची माती. तिच्यावर अनेक ठिकाणी स्वच्छ वाळूचा पातळ पापुद्रा, समुद्राकडे जाड, आत जाता जाता विरणारा. वर करडा भरतीचा चिखल. या दोन जमिनींमधली सीमा कापल्यासारखी होती. वाळूत गवताचे बुडखे मुळासकट, उगवले तसेच उभे होते, आणि त्यांची पातीसुद्धा कुजली नव्हती. १९८७ साली हा पुरावा ‘सायन्स’मध्ये छापून आला.

इथे उलटतपासणी सुरू होते, आणि ती कडक झाली याचे मला समाधान वाटते. पहिला आक्षेप मज आणि रेडफिल्ड यांच्याच कामातून निघतो. समुद्र हळूहळू चढतो, खाजण बुडते, त्यात भूकंप कशाला हवा? उत्तर सीमेत आहे. समुद्र सावकाश चढला तर खाजणही गाळ आणि मुळे साठवत त्याच्याबरोबर उंच होते. ते हरले तरी हळूहळू हरते, म्हणजे माती आणि चिखल यांच्यामध्ये कित्येक सेंटिमीटरचा मिसळलेला पट्टा उरतो. गवताची पाती वाळूत उभीच्या उभी जपली जायची तर पुरणे एका ऋतूच्या आत झाले पाहिजे. दुसरा आक्षेप वादळाचा. वादळ वाळू आत फेकते हे खरे, पण वादळ जमीन खाली नेत नाही. वादळ ओसरल्यावर गवत त्याच उंचीवर पुन्हा फुटते. इथे वाळूच्या वर खुल्या चिखलवटीत राहणाऱ्या डायटम या सूक्ष्म शैवालांची कवचे सापडतात, म्हणजे जमीन खाली गेली आणि खालीच राहिली. तिसरा आक्षेप असा की नदीमुखाशी असलेला वाळूचा दांडा फुटला तर एखाद्या खाडीतली भरतीची पातळी एकाएकी बदलते. एका खाडीपुरता हा आक्षेप खोडता येणार नाही. म्हणूनच रेघ धरून नळी घालत जाण्याला आणि खाडीमागून खाडी पालथी घालण्याला मोल आहे. शेकडो किलोमीटरवरचे दांडे एकाच वेळी फुटत नसतात.

पण ‘एकाच वेळी’ हे कशावरून? हा चौथा आक्षेप सर्वांत अवघड होता आणि तो प्रामाणिक होता. रेडिओकार्बन वयाला काही दशकांची मोकळीक असते. तेवढ्या अवकाशात हजार किलोमीटर किनारा एका महाभूकंपाने बसला असेल, किंवा दोन-तीन दशकांत झालेल्या लहान भूकंपांच्या मालिकेने तुकड्यातुकड्याने बसला असेल. चिखलापुरते पाहिले तर दोन्ही चित्रे सारखीच दिसतात. इथे चिखलाने आपली हद्द ओळखली आणि संशोधक लाकडाकडे वळले. कोपेलिस नदीकाठी आणि इतर खाड्यांत लाल सीडारची मेलेली झाडे शतकानुशतके उभी आहेत. त्यांची मुळे त्याच पुरलेल्या मातीत आहेत. खोडांची बाहेरची वर्तुळे ऊनपावसाने झिजली होती, त्यामुळे शेवटचे वर्ष मिळेना. मुळे मात्र चिखलात सालीसकट जपली गेली होती. त्या वर्तुळांचा हिशेब डेव्हिड यामागुची आणि सहकाऱ्यांनी १९९७ साली मांडला. १६९९ चे वर्तुळ पूर्ण आणि निकोप, त्यानंतर काही नाही. झाडे ऑगस्ट १६९९ ते मे १७०० या महिन्यांत मेली.

हा हिशेब छापला जाण्याच्या आदल्याच वर्षी, १९९६ साली, जपानमधून एक तारीख आली होती. जपानच्या पूर्व किनाऱ्यावर गेनरोकु १२ या वर्षाच्या बाराव्या महिन्यात आठवीच्या मध्यरात्री समुद्र चढल्याच्या नोंदी सामुराई अधिकाऱ्यांच्या, व्यापाऱ्यांच्या आणि गावच्या मुखियांच्या दप्तरांत होत्या. कुवागासाकीत घरे वाहून गेली आणि आग लागली. मिहो गावच्या मुखियाला पडलेले कोडे तर विशेष. जमीन हलल्याचे कोणालाच जाणवले नव्हते, मग पाणी आले कुठून? जन्मदाता भूकंप नसलेल्या या लाटेला संशोधक ‘अनाथ त्सुनामी’ म्हणतात. केंजी साताके आणि सहकाऱ्यांनी दक्षिण अमेरिका, कामचाट्का, अलास्का एकेक करून बाद केले आणि लाटेचा प्रवास उलटा मोजत कॅस्केडियापर्यंत नेला. त्यांनी तारीख दिली २६ जानेवारी १७००, स्थानिक वेळ रात्री नऊ, तीव्रता सुमारे ९. एवढी उंच लाट महासागर ओलांडून न्यायला लहान भूकंपांची मालिका पुरत नाही, म्हणून चौथ्या आक्षेपालाही इथेच उत्तर मिळाले. ताळ्याची खरी कसोटी मात्र वर्तुळांत होती. साताकेंनी तारीख जाहीर केल्यावरही मुळे तिला खोटी पाडू शकत होती. एका मुळात १७०१ चे निरोगी वर्तुळ निघते तर सगळी मांडणी कोसळली असती. ते निघाले नाही. ज्या कारकुनांना वॉशिंग्टनची खाजणे माहीत नव्हती आणि ज्या झाडांना जपान माहीत नव्हते, त्यांची साक्ष एका हिवाळ्यावर येऊन जुळली. कागदी इतिहासात इतका नितळ ताळा मला क्वचितच दिसतो.

आणखी एक साक्षीदार होता, आणि त्याला फार उशिरा बोलावले गेले. वायॅचचे खोरे मकाह या तिथल्या मूळ रहिवाशांच्या भूमीत आहे. १८६४ च्या जानेवारीत बिली बाल्च या मकाह गृहस्थाने जेम्स स्वॉन यांना एक जुनी हकिगत सांगितली आणि स्वॉननी ती रोजनिशीत उतरवून घेतली. फार जुन्या नसलेल्या काळी समुद्र वायॅचच्या मैदानातून आरपार गेला, पाणी ओसरले, पुन्हा चढले, होड्या झाडांत अडकून फुटल्या, पुष्कळ माणसे गेली. हे तेच मैदान, जिथे १२२ वर्षांनी फावड्याला पुरलेले खाजण लागले. रूथ लडविन यांनी पुढे या किनाऱ्यावरच्या अशा अनेक कथा एकत्र केल्या. त्यांत गरुडासारखा मेघपक्षी आणि देवमासा यांची झुंज होते आणि जमीन व समुद्र दोन्ही हादरतात. यावर सरळ आक्षेप आहे की निकाल लागल्यावर कथेत हवे ते सापडते. तो मला अर्धा मान्य आहे. मेघपक्ष्याच्या कथेवरून कोणी वर्ष काढू नये. परंतु बाल्चची हकिगत निकालाच्या शतकभर आधी लिहून ठेवलेली आहे, तिच्यात ठिकाणाचे नाव आहे आणि पाण्याच्या जाण्यायेण्याचा क्रमही आहे. अस्सल पत्रांच्या आग्रहापोटी आपण बखरींवर कधी कधी जो अविश्वास दाखवतो, तोच इथे तोंडी परंपरेच्या वाट्याला आला. ती ऐकली असती तर नळी कुठे घालायची हे फार आधी ठरले असते.

चिखलाच्या साक्षीला एक मोठी उणीव आहे आणि तीही मांडली पाहिजे. कांडीत वाळू दिसली तर लाट आली हे म्हणता येते, पण वाळू दिसली नाही म्हणून पाणी आले नाही असे म्हणता येत नाही. हे जपानच्या सेंदाईत कळले. ‘निहोन सान्दाई जित्सुरोकु’ या राजकीय इतिहासात इ. स. ८६९ मधल्या जोगान काळच्या भूकंपाची आणि सुमारे हजार माणसे बुडाल्याची नोंद आहे. १९९० नंतर कोजी मिनौरा आणि त्यांच्यामागून इतरांनी सेंदाईच्या भातखाचरांत नळ्या घालून त्या लाटेची वाळू किनाऱ्यापासून कित्येक किलोमीटर आत शोधली. २००९ साली युकिनोबु ओकामुरा यांनी फुकुशिमाच्या अणुवीज केंद्राच्या सुरक्षेची तपासणी करणाऱ्या सरकारी बैठकीत जोगानचा मुद्दा काढला. ११ मार्च २०११ रोजी समुद्र पुन्हा त्याच मैदानात आला, आणि मोजल्यावर दिसले की पाणी ठळक वाळूच्या थराच्याही बरेच पुढे गेले होते. म्हणजे कांड्यांनी अतिशयोक्ती केली नव्हती, उलट कमीच सांगितले होते. राजवाड्यांच्या वाटेने जाणारा माणूस इथे थबकेल. दरबारी नोंद आणि गाळ एकमताने बोलत असतानाही ऐकणाऱ्यांनी अधिक पुराव्याची वाट पाहिली. पुराव्याची कडक पारख आणि पुराव्याकडे पाठ यांत फरक आहे, आणि तो फरक त्या वर्षी हजारो जिवांच्या मोलाने कळला.

कोकणालाही या प्रश्नापासून अलग राहता येत नाही. १५२४ साली वास्को द गामाचा ताफा हिंदुस्थानच्या पश्चिम किनाऱ्याजवळ पोचत असताना भर समुद्रात जहाजे हादरल्याचे पोर्तुगीज साधने सांगतात. २८ नोव्हेंबर १९४५ च्या पहाटे मकरान किनाऱ्यावर झालेल्या भूकंपाची लाट मुंबईपर्यंत पोचली होती. केळशीच्या वाळूच्या उंच टेकडीचे नाते १५२४ च्या त्या हादऱ्याशी डेक्कन कॉलेजच्या अभ्यासकांनी जोडले आहे. याचा निवाडा टेकडीकडे पाहून होणार नाही, कारण वाऱ्यानेही टेकड्या उभ्या राहतात. तो मागच्या खाडीकाठच्या खाजणातल्या कांड्यांतूनच व्हायला हवा. आपल्याकडे ते काम वॉशिंग्टनपेक्षा कठीण आहे. तिवरांची मुळे थर भेदून जातात, चिंबोऱ्या बिळे करून खालचा गाळ वर आणतात, आणि खारबंदिस्तीच्या बांधांनी पिढ्यान्‌पिढ्या भरतीची वाट बदलली आहे. शिवाय कोकण किनाऱ्याखाली कॅस्केडियासारखा सरकणारा भूपट्ट नाही, तेव्हा बसलेल्या जमिनीची अपेक्षाही करू नये, फक्त लाटेची वाळू शोधावी. पण पुराभिलेखागारात कसर लागली म्हणून कोणी रुमाल जाळून टाकत नाही. मुंबईभोवतालची खाजणे भराव टाकून बुजवली जातात तेव्हा तिवरे आणि मासळी जाते हे सगळे बोलतात. त्या भरावाच्या वजनाने खालचे थर चेपतात, पायाच्या खोदाईत उलटेपालटे होतात, आणि हजारो वर्षांचे दप्तर उघडण्याआधीच नष्ट होते, हे मात्र कोणत्याही हिशेबात धरले जात नाही. मला ते गडावरची शिलालेखाची शिळा फोडून खडी करण्याइतकेच गंभीर वाटते.

शेवटचा आक्षेप इतिहासकारांचा. हे सगळे मान्य केले तरी हा पृथ्वीचा इतिहास झाला, माणसांचा कुठे आहे? विलापा बेच्या ईशान्य भागातल्या कांड्या आणि काठ मिळून गेल्या साडेतीन हजार वर्षांत अशा जमिनी सात वेळा बसल्या असे सांगतात. दोन भूकंपांमधले अंतर कधी एखाद-दोन शतकांचे, तर कधी जवळजवळ हजार वर्षांचे. म्हणजे सात वेळा कोणाची तरी मासे वाळवायची जागा, होडी ओढायची वाट, गवत कापायचे कुरण पाण्याखाली गेले आणि पुढच्या पिढ्यांनी नव्याने चढलेल्या खाजणावर ते सगळे पुन्हा मांडले. हे नुसते अनुमान नाही. ओरेगनमध्ये सॅमन नदीच्या मुखाजवळ ओहोटीला काठ उघडा पडतो. तिथे पुरलेल्या काळ्या मातीच्या अगदी माथ्यावर चुली सापडल्या आहेत. उष्णतेने तडकलेले दगड आणि कोळसा. त्यांच्यावर हात न लागलेली समुद्राची वाळू, आणि वाळूवर तीनशे वर्षांच्या भरत्यांचा चिखल.